शेडमधलं आणि पाण्यातलं

ताईंचं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड होतं. त्या इंजिनांचे इतिहास लिहीत. मोठ्या रेल्वेच्या रुबाबदार इंजिनांचे नव्हेत. त्यांचे इतिहास लिहायला माणसं टपलेलीच असतात. ताई लिहीत ते खाणींच्या, गिरण्यांच्या, लाकडाच्या वखारींच्या बुटक्या इंजिनांचे. ही इंजिनं जन्मभर चार-दोन मैलांच्या रुळांवर मान खाली घालून राबतात आणि एक दिवस भंगारात जातात. त्यांची ओळखही धड राहत नाही, कारण दुरुस्तीच्या वेळी हाताशी येईल ते जोडून मोकळं व्हायचं हा सगळीकडचा शिरस्ता. एकाचा बॉयलर, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याची शिट्टी. मग शेवटी जे उरतं ते इंजिन कुठलं म्हणायचं? ताई त्याचा छडा लावत.

"लोक मुलींसाठी स्थळं शोधतात, आमची मुलगी लोखंडाची सोयरीक शोधते," असं त्यांची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तक्रारीच्या सुरात सांगायची, पण सांगितल्याशिवाय राहायची नाही.

त्या वर्षी ताई एका बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीवर आल्या. वर डोंगरात खाण, खाली चुन्याच्या भट्ट्या, आणि दोन्हींच्या मध्ये उतारावरून वळणं घेत आलेले अरुंद रूळ. वाटेत एक जुना खड्डा लागायचा. त्यातला दगड संपल्यावर तो पाण्याने भरला होता. तीन बाजूंनी उभा कडा, एका बाजूला रूळ, आणि मध्ये हिरवंकाळं, हलायचं नाव न घेणारं पाणी. गावातल्या मंडळाने शेडमधलं जुनं इंजिन दुरुस्त करून पुन्हा चालवायचं ठरवलं होतं. ताईंनी त्याचा इतिहास शोधायचा आणि शेडच्या दारावर लावायच्या पाटीचा मजकूर लिहायचा, एवढंच काम होतं.

दुरुस्तीला दोघं होती. एक फोरमनकाका. खाण चालू होती तेव्हा ते याच शेडमध्ये उमेदवार म्हणून लागले आणि खाणीला कुलूप लागलं तेव्हा फोरमन म्हणून बाहेर पडले. दुसरी ठिणगी. हे नाव काकांनी ठेवलेलं. ती वेल्डर होती, डावखुरी होती, आणि बोलायला लागली की समोरच्याने चष्मा लावलेला बरा, असं काकांचं म्हणणं.

शेड लांब आणि उंच होती. छपराच्या फुटक्या पत्र्यांतून उन्हाचे पट्टे खाली यायचे आणि त्यात चुन्याची धूळ तरंगत असायची. इतकी वर्षं गेली तरी ती संपली नव्हती. खांबांवर, कपाटांवर, काकांच्या भुवयांवर पांढरा थर असायचाच. मधोमध इंजिन उभं, काकांनी नुकताच गंजरोधक तांबडा रंग दिलेलं. ठेंगणं, रुंद, दोन्ही बाजूंना चौकोनी पाण्याच्या टाक्या, आणि मागे ड्रायव्हरची उघडी केबिन, एका माणसापुरती.

"खाणीकडे तीन इंजिनं होती," काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तिन्ही एका साच्यातली. एक नंबरचं मी लागायच्या आधीच मोडीत निघालं. दोन नंबरचं खड्ड्यात गेलं, अजून तिथेच आहे. हे तीन."

"खड्ड्यात कसं गेलं?"

काकांनी हातातला पाना पुसला, मग पुन्हा पुसला. "जेवताना सांगतो," म्हणाले.

जेवताना त्यांनी सांगितलं. पावसाळी दिवस होता. पाळी संपवून मजूर डब्यांतून खाली येत होते, पुढे दोन नंबरचं इंजिन. उतारावर ते आवरेना. डबे मध्येच सुटले, त्यांचे ब्रेक मागच्या माणसाने लावले आणि ते थांबले. सगळे मजूर वाचले. इंजिन मात्र एकटंच पुढे गेलं आणि वळणावर रूळ सोडून पाण्यात पडलं. ड्रायव्हर सापडला नाही. कंपनीने सांगितलं, तो प्यालेला होता, वरच उडी मारून पळाला, आणि डबे सुटले ते नशिबाने.

"आणि लोक काय म्हणाले?"

"लोक काय, ज्याच्या घरची भाकरी त्याचीच री. कंपनी म्हणाली पळाला, लोक म्हणाले पळाला." काका डबा बंद करत म्हणाले. "मी तेव्हा पोरसवदा होतो. पुढे मीही तेच म्हणत आलो."

ताईंनी कामाला सुरुवात केली. इंजिनाच्या प्रत्येक सुट्या भागावर कुठेतरी कोपऱ्यात त्याच्या मूळ इंजिनाचा आकडा ठोकलेला असतो. तो रंगाखाली, गंजाखाली दडलेला. ताई तिथे घासून पातळ कागद धरत आणि पेन्सिल फिरवत. आकडा कागदावर उमटे. चाकांना जोडणारा डावा दांडा: तीन. उजवा: तीन. ब्रेकची जोडणी: तीन. पाण्याच्या टाक्या: तीन. क्वचितच एखादं इंजिन असं जातिवंत निघतं. ताईंना थोडा हिरमोडच वाटला. शोधायला काही उरलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात मावशी आल्या. मावशींचं बाजारात शिवणकामाचं दुकान होतं, आणि पर्यटकांच्या डब्यांना कनातीचे पडदे शिवायचं काम मंडळाने त्यांना दिलं होतं. वय झालेलं, पण पाठ सरळ, गळ्यात मोजपट्टी. डब्यांची मापं घेऊन झाल्यावर त्या शेडच्या दारात घुटमळल्या. ठिणगीने नुकताच टाकीचा सडलेला कोपरा कापून तिथे नवा पत्रा जोडला होता. डावखुरी असल्यामुळे तिच्या जोडावर वितळलेल्या धातूची उमटणारी खवलं सगळ्यांच्या उलट्या बाजूला कललेली असायची. मावशी जवळ येऊन त्या जोडावरून बोट फिरवू लागल्या.

"टाका चांगला आहे हो तुझा," त्या म्हणाल्या. "उलटा आहे, पण सारखा आहे."

ठिणगी पहिल्यांदाच लाजलेली दिसली.

मग मावशी ताईंकडे वळल्या. "पाटी तुम्ही लिहिणार ना? दोन नंबरच्या इंजिनाबद्दलही लिहिणार?"

"लिहावं लागेल. मंडळाला ती गोष्ट हवी आहे. म्हणतात, लोकांना आवडेल."

"कुठली गोष्ट? दारुडा ड्रायव्हर पळाला ती?" मावशींच्या आवाजात राग नव्हता. जुन्या दुखण्याबद्दल डॉक्टरला सांगावं तसं त्या बोलत होत्या. "तो माझा बाप. मी पाळण्यात होते. आई मरेपर्यंत दाराला आतून कडी लावायची नाही. पळालेला माणूस परत येऊ शकतो ना, म्हणून. तुम्ही शिकलेल्या आहात, मी काही शिकवायला आले नाही. एवढंच सांगते, खरं कळलं तर खरं लिहा. नाही कळलं तर काही लिहू नका. पण ते पुन्हा नका लिहू."

मोजपट्टी गुंडाळत त्या निघून गेल्या. काकांनी न प्यालेला चहा दाराबाहेर ओतून टाकला.

त्यानंतर काही दिवसांनी ताईंनी उजव्या दांड्याचा ठसा पुन्हा घेतला. आधीचा कागद चहाने भिजला होता, एवढंच कारण. पेन्सिल फिरली आणि कागदावर दोन उमटला.

ताईंनी जागा तपासली. तोच दांडा, तेच टोक. आपण पहिल्या वेळी घाईत चुकीचं वाचलं असणार, असं त्यांनी ठरवलं. दुरुस्तीत दांड्यांची अदलाबदल होतेच. भिजलेला कागद काढून पाहिला. डाग पडला होता, पण तीन स्वच्छ वाचता येत होता.

"काका, उजवा दांडा बदललात का?"

"बदलायला दुसरा आहे कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डावा दांडाही दोन झाला होता.

ताई घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या. कोणीतरी चेष्टा करतंय असं धरून त्यांनी शेडला नवं कुलूप लावून घेतलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. दांड्यांवर त्यांनी खडूने खुणा केल्या. सकाळी उघडून पाहिलं तर खुणा नव्हत्या. पुसल्याही नव्हत्या, तिथे खडू कधी लागलाच नव्हता, असा तेलकट जुना थर होता. खाली जमीन ओली होती. इंजिनाच्या पोटाखालून पाणी ठिबकत होतं, आणि चाकाच्या आऱ्यांत नखाएवढे काळे शंख चिकटले होते. ठिणगीने एक उचलून तळहातावर ठेवला. शंखातून इवलीशी गोगलगाय बाहेर आली, शिंगं हलवली आणि आत गेली.

"ही खड्ड्यातली आहे," ठिणगी म्हणाली. "आम्ही लहानपणी तिथे गळ टाकायचो. दुसरीकडे कुठे मिळत नाही."

"मग इथे कशी आली?" काकांनी विचारलं.

पाऊस तर कित्येक दिवस नव्हता.

ब्रेकची जोडणी गेली. मग चाकांचे आस. मग बॉयलरखालची चौकट. ताई रोज ठसे घ्यायच्या, आणि रोज एखादा तीन कमी होऊन दोन वाढलेला असायचा. एखाद्या घरातली जुनी माणसं गुपचूप बाहेर पडावीत आणि त्यांच्या जागी दुसरी येऊन बसावीत, तसं चाललं होतं. विशेष म्हणजे येणारा प्रत्येक भाग धडधाकट होता. काका हातोडीने ठोकून ऐकायचे आणि मान हलवायचे. "इतकी वर्षं पाण्यात राहिलेलं लोखंड असं वाजत नाही. हे तर कालच्यापेक्षा चांगलं आहे."

एका सकाळी ठिणगी टाकीपाशी ओरडली.

"माझा जोड कोणी काढला?"

टाकीच्या कोपऱ्यावर नवा पत्रा नव्हता. जोड नव्हता. त्या जागी जुना, अखंड, न सडलेला पत्रा होता, रिव्हेटच्या ओळीसकट. ठिणगीने आधी काकांकडे बघितलं, मग ताईंकडे, आणि भांडायला उघडलेलं तोंड मिटलं. असा पत्रा रातोरात बसवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

"आपण हे थांबवायचं का?" ताईंनी विचारलं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी कुठल्याही इंजिनाबद्दल असा प्रश्न विचारला नव्हता.

काका केबिनच्या पायरीवर बसले होते. "थांबवणारे आपण कोण?" ते म्हणाले. "काहीतरी घरी येतंय. येऊ दे."

शेवटचा ठसा केबिनमधला राहिला होता. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. तिघांनी मिळून शेडचं दार ढकललं.

ब्रेक आवळलेला होता.

हा ब्रेक म्हणजे उभ्या दांड्यावरचं एक चाक. गरागरा फिरवत न्यायचं, तेव्हा कुठे तो हळूहळू लागायचा. काकांनी तो आदल्या दिवशी तेल घालून पूर्ण सैल सोडला होता. आता तो शेवटच्या आट्यापर्यंत आवळला होता. इंजिन पुढे-मागे करायचा दांडा काकांनी मधोमध ठेवला होता. आता तो पार मागे ओढून खाचेत अडकवलेला होता.

आणि केबिनच्या फरशीवर एक जाडजूड लोखंडी खीळ पडली होती. इंजिन आणि डबे जोडणारी. तिच्यातून पाणी निथळत होतं.

काकांनी ती उचलली नाही.

"ही खीळ ओढाताणीत निघत नाही," ते हळू बोलू लागले. "डब्यांचं ओझं इंजिनावर रेललं, साखळी ढिली पडली, तरच निघते. म्हणजे त्याने आधी इंजिन उलटं घातलं, मागे ओढायला लावलं. ब्रेक आवळत आवळत शेवटपर्यंत नेला. डबे इंजिनाला येऊन टेकले. मग मागे वाकून खीळ काढली आणि डबे सोडून दिले."

"आणि मग उडी?" ठिणगीने विचारलं.

"केव्हा मारणार? एवढं करेपर्यंत वळण आलं असेल, पोरी."

पत्र्यावर एक कबुतर फडफडलं. ताई केबिनमध्ये चढल्या, ब्रेकच्या चाकाखाली कागद धरला आणि पेन्सिल फिरवली.

दोन.

हा पुरावा नव्हता, हे ताईंना कळत होतं. म्हणून त्यांनी शहरातून पाणबुडे बोलावले. दोन तरुण आले, भर दुपारी उतरले आणि कॅमेरा घेऊन वर आले. शेडमध्येच एका खोक्यावर संगणक ठेवून सगळ्यांनी ते चित्रण पाहिलं.

हिरवट अंधार. गाळ. मग दिव्याच्या उजेडात एक इंजिन, एका कुशीवर कललेलं. गाळाच्या थराखालून तांबडा रंग डोकावत होता. काकांनी महिन्याभरापूर्वी लावलेला गंजरोधक तांबडा.

केबिन रिकामी. ब्रेक सैल, त्याच्या आट्यांवर अजून तेल चमकत होतं. दांडा मधोमध.

दिवा टाकीच्या कोपऱ्यावर आला.

ठिणगी खुर्चीवरून उठली. नव्या पत्र्याचा तुकडा, त्याभोवती जोड. खवलं उलट्या बाजूला कललेली.

"तो माझा आहे," ती म्हणाली. एवढंच.

पाणबुड्यांनी विचारलं, हे वर काढायचं का? काकांनी नको म्हणून सांगितलं. "त्याने जागा घेतली आहे कोणाची तरी. राहू दे."

पाटीचा मजकूर ताईंनी एका बैठकीत लिहिला. हे इंजिन क्रमांक दोन. उतारावर आवरेनासं झालं तेव्हा चालकाने ते उलटं घातलं, ब्रेक शेवटपर्यंत आवळला आणि मजुरांचे डबे सोडवले. डबे वाचले. चालक इंजिनावरच राहिला. त्याखाली त्याचं नाव. त्या केबिनने जे दाखवलं त्यापलीकडे ताईंनी एक अक्षर घातलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष चक्रावले. "अहो, हे तर तीन ना?"

"चला, दाखवते," ताई म्हणाल्या, आणि एकेक भाग त्यांच्याच हाताने घासायला लावला. दोन, दोन, दोन. अध्यक्षांच्या शर्टाची बाही काळी झाली.

"मग पाण्यात?"

"तीन."

अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे लोकांनी इतकी वर्षं नंबरांचा घोळ घातला! दोन तेव्हाच वर काढलं असणार, आणि तीन नंतर कधीतरी पडलं असणार." माणसाला पटवून घ्यायचं असलं की तो काहीही पटवून घेतो. ताईंनी त्यांना अडवलं नाही. पाटी मंजूर झाली.

मावशींनी ती वाचली तेव्हा ताई बाजूला उभ्या होत्या. मावशी मोठ्याने वाचत होत्या, शब्दाशब्दावर थांबून. बापाच्या नावाशी आल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पदराने पाटीवरची धूळ पुसली. पाटी नवी होती, धूळ नव्हतीच.

"आईला सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण मी आहे ना. मी ऐकलं."

इंजिन पेटवलं ती सकाळ थंड आणि स्वच्छ होती. बॉयलर तपासणाऱ्या साहेबांनी इतका निर्दोष जुना बॉयलर पाहिला नसल्याचं दोन-तीनदा बोलून दाखवलं. काकांनी मावशींना केबिनमध्ये चढवलं. एका माणसापुरत्या जागेत दोघं कशीबशी उभी राहिली. पडदे लावलेल्या डब्यांत अर्धं गाव बसलं. पहिली शिट्टी झाली तेव्हा म्हातारी माणसं घरांतून बाहेर आली, आणि काही जण उगाचच घड्याळात बघू लागले.

गाडी वर गेली आणि खाली आली. खड्ड्याच्या वळणावर काकांनी वेग अगदी कमी केला. मावशींनी पाण्याकडे बघितलं. भट्ट्यांशी पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठिणगी ओरडून ओरडून घसा बसवून बसली.

गाडी शेडला परतली. मावशींचे हात काजळीने काळे झाले होते. शेडमध्ये नळ होता, तरी त्या ताईंना म्हणाल्या, "जरा खड्ड्यापर्यंत येता? हात तिथे धुवेन म्हणते." दोघी रुळांच्या कडेने चालत गेल्या. पाण्यावर कड्याची सावली पडलेली होती. तिथे ऊन कधीच पोचत नसे.

मावशी काठावरच्या दगडावर बसल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले. मग तशाच थांबल्या. हात चोळले नाहीत, बाहेरही काढले नाहीत.

"काय झालं मावशी?"

"पाणी ऊन आहे हो."

ताई खाली बसल्या आणि त्यांनीही हात घातला. पाणी ऊन होतं. आंघोळीला काढल्यासारखं. खड्ड्याच्या मध्यावर पातळ वाफ निघत होती आणि कड्याला लागून वर चढत होती.

दोघी तशाच बसून राहिल्या. वरून शेडच्या बाजूने खडखड ऐकू आली. काका निखारे बाहेर ओढत होते. दिवसाचं काम संपलं होतं.

हळूहळू, त्यांच्या बोटांभोवतीचं पाणी गार होऊ लागलं.

"उद्या पुन्हा पेटवणार ना?" मावशींनी विचारलं.